अक्षराखालची जागा

१

नगरच्या भांडेबाजारात भिमाजी दहिवाळ भांड्यांवर नावं घालायचा. दुकान कसलं, रस्त्याकडे एक फळी, फळीवर गोणपाट, गोणपाटावर तो, आणि मागे दोन खोल्यांचं बिऱ्हाड. लग्नाचे हंडे, वास्तुशांतीची ताटं, कुणाच्या स्मरणार्थ देवळाला द्यायची समई, सगळं त्याच्या मांडीवरून जायचं. डाव्या हातात पोलादी खिळा, उजव्या हातात छोटी हातोडी. ठिपक्याला ठिपका लागला की अक्षर होई, अक्षराला अक्षर लागलं की माणूस. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण निम्म्या जिल्ह्याच्या संसारावर त्याचं हस्ताक्षर होतं. याचा त्याला गर्व होता, आणि असायला हरकतही नव्हती.

बापाने घालून दिलेला एक नियम तो पाळत आला होता. अर्धं नाव दिवेलागणीला तसंच ठेवायचं नाही. पुरं करायचं, नाहीतर हातच लावायचा नाही. का, ते बापाने सांगितलं नव्हतं आणि भिमाजीने विचारलं नव्हतं. धंद्यातले नियम विचारत बसलं तर धंदा कधी करायचा?

लढाईमुळे त्या वर्षी रॉकेल रेशनवर होतं. समोरचा माणूस दिसेनासा झाल्याशिवाय बाजारात कुणी कंदील लावत नसे, म्हणजे दिवेलागणीची वेळ होती ती नुसती नावाला. दारावर थाप पडे. आतून विचारणा होई, "कोण हाय?" बाहेरून उत्तर येई, "मी." एवढ्यावर कडी निघे. आपल्याकडे दारात उभं राहून स्वतःचं नाव कोण सांगतं? नाव सांगतो तो पोलीस, नाहीतर परका.

घरात बायको रंगुबाई होती आणि पाथर्डीहून पहिल्या बाळंतपणाला आलेली लेक केशर. नववा महिना भरत आला होता. रंगुबाईची चार पोरं पाळण्यातच गेली होती, पाचवी ही केशर जगली. तिला ठेच लागली तरी भिमाजी हातातलं काम टाकून उठायचा. आता तर त्याला रात्री धड झोपही लागत नव्हती.

२

कार्तिक सरता सरता बाजारात एक चिनी आला. सायकलला रेशमाचं गाठोडं बांधून गावोगाव हिंडणारे हे लोक तेव्हा अधूनमधून दिसत. हा उतारवयाचा, शांत आणि मोडकंतोडकं का होईना मराठी बोलणारा होता. शेजारच्या छगन कोलत्याच्या दुकानातून त्याने एक पितळी तांब्या घेतला आणि तो भिमाजीपुढे ठेवला.

"मिस्तरी, नाव."

"सांगा."

त्याने खडूचा तुकडा उचलला आणि फळीवर काहीतरी काढलं. वर दोन तिरप्या रेघा आणि मध्ये एक ठिपका, खाली एक चौकोन. भिमाजीला ते कललेल्या छपराच्या खोपटासारखं दिसलं.

"हे तुमचं नाव का?"

"माझं नाही. ह्या अक्षराचा अर्थच नाव." चिन्याने वरच्या रेघांवर बोट ठेवलं. "हा चंद्र. अर्धा. म्हणजे संध्याकाळ." मग चौकोनावर, आणि मग स्वतःच्या ओठांवर. "हे तोंड. फार जुनं अक्षर आहे. दिवस बुडाला, माणसाला माणूस दिसत नाही, तेव्हा तोंडानं सांगायचं, मी अमुक. म्हणून संध्याकाळ आणि तोंड मिळून नाव."

"आन् म्हनायचं कसं?"

"मिंग."

भिमाजीने म्हणून पाहिलं. चिनी हसला. "असं सपाट नाही. शेवटी आवाज वर न्या. दारात कोण आहे विचारता ना, तसं. आमच्या दक्षिणेत मेंग म्हणतात. ज्यांनी पहिल्यांदा काढलं ते कसं म्हणत होते, ते आता कुणालाच ठाऊक नाही." मग त्याने त्याच अक्षराच्या डाव्या अंगाला आणखी एक चिन्ह जोडलं. "हे धातूचं. आता अर्थ झाला धातूवर कोरलेलं नाव. म्हणायचं तसंच. आमच्याकडे फार पूर्वी वाडवडिलांसाठी काशाची भांडी ओतायचे, त्यांच्यावर असं लिहायचे. तुमचंच काम, मिस्तरी."

भिमाजी खूश झाला. एवढ्या लांबच्या लोकांनी आपल्या धंद्यासाठी वेगळं अक्षर ठेवलंय म्हणजे काय! "बरं, ह्या नुसत्या अक्षराखाली तुमचं नाव काय घालू?"

चिनी बराच वेळ मापाची फीत बोटाभोवती गुंडाळत राहिला. "जागा सोडा," तो म्हणाला. "माझं गाव जपान्यांनी जाळलं. त्या नावानं मला हाक मारणारं कोणी उरलं नाही. तेच घालायचं की दुसरं, विचार करतो. घोडेगावचा बाजार करून येतो, मग सांगतो."

भिमाजीने इथंच नाही म्हणायला हवं होतं. पण त्याला त्या माणसाची कीव आली, आणि खरं सांगायचं तर नवं अक्षर घालायला हात शिवशिवत होते. त्याने ते मन लावून घातलं. चंद्राच्या रेघा उतरत्या, तोंडाचे चारी कोपरे नेमके. खाली चार बोटं जागा कोरी सोडली. सूर्य मावळला तेव्हा तांब्या दाराजवळच्या कोनाड्यात होता, अर्धा.

३

अमावास्या झाली, मार्गशीर्ष लागला. बिजेच्या संध्याकाळी पश्चिमेला नखाएवढी कोर दिसत होती आणि भिमाजी पुढची फळी उचलून आत येत होता. त्याने दाराला कडी घातली न घातली तोच थाप पडली.

"कोण हाय?"

उत्तर आलं नाही. पुन्हा थाप पडली, हलकी, अदबीची.

"आरं कोण हाय, बोला की."

बाहेर कोणीतरी उभं होतं हे नक्की. बोलायच्या आधी माणूस श्वास घेतो, तसा श्वास घेतल्याचं भिमाजीला ऐकू आलं. पण बोलणं काही आलं नाही. त्याने दार उघडलं तर रस्ता मोकळा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी छगन बातमी घेऊन आला. "भिमादादा, तुमचा चिनी गेला. घोडेगावच्या बाजारात ताप भरला म्हनं. काल दिस बुडताना गेला."

"आरारा."

"पंचनाम्याला नाव पायजे, तर कुनालाच ठावं न्हाई. अनोळखी चिनी इसम, आसं लिवून टाकलं."

भिमाजीला वाईट वाटलं. त्याने कोनाड्यातला तांब्या उतरवला आणि चिंचेने घासून लख्ख केला. गिऱ्हाईक मेलं तरी त्याचा माल तोडू-मोडू नये, ही धंद्याची रीत. कुणी वारस आला तर देऊ म्हणून त्याने तो पुन्हा जागच्या जागी ठेवला.

४

त्याच संध्याकाळी, तीज होती, परत थाप पडली.

"कोण हाय?" रंगुबाईने विचारलं.

"छगन," बाहेरून आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. "मारुती." पुन्हा शांतता, आधीपेक्षा लांब. "कोलते."

भिमाजीला हसू आलं. हा गडी रोज याच वेळेला तंबाखूचा चुना मागायला यायचा आणि "मी" म्हणून दार ढकलायचा. आज एवढा थाट कशाला? तोही भांड्यावरचं नाव ठिपका ठिपका करून वाचावं तसा.

"या, छगनशेठ," म्हणत त्याने दार उघडलं. दारात कोणी नव्हतं. पण त्याच घडीला शेजारच्या घरातून बायकांचा आकांत ऐकू आला.

छगन दुपारपासून छातीत कळ येऊन अंथरुणावर पडून होता. त्याचे हात धरून चौघंजण बसले होते. दिवस बुडताना त्याने मान टाकली.

मयतीहून आल्यावर भिमाजी मोरीपाशी उभा राहून विचार करत होता. चौघांनी हात धरलेला माणूस आपल्या दारात येईल कसा? कुणीतरी चेष्टा केली असेल. नाहीतर भिंतीपलीकडे छगनची बायको त्याला नावाने... पण छे, ती त्याचं नाव घेणार नाही. उभ्या जन्मात कुठल्या बाईने घेतलंय? रंगुबाईच्या तोंडून त्याचं स्वतःचं नाव लग्नातल्या उखाण्यानंतर एकदाही निघालं नव्हतं.

"तुमी बी ऐकलं ना?" रंगुबाईने विचारलं.

"वाऱ्याचा आवाज आसंल," भिमाजी म्हणाला. त्या संध्याकाळी वारा नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

५

चौथीच्या दिवशी केशरची कंबर दुखायला लागली. रंगुबाईने सुईणीला, बनुबाईला, निरोप धाडला. बनुबाई म्हणजे तोंडाची फटकळ, हाताची हलकी. केशरही तिच्याच हातांवर जन्मली होती. रस्त्यावरूनच ओरडत यायची, "मी हाय गं रंगे, पानी तापव."

अंधार पडला तरी ती आली नाही. केशर आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. भिमाजी दाराशी येरझाऱ्या घालत होता. थाप पडली तशी रंगुबाई कडीकडे धावली.

"कोण हाय? बनुआक्का का?"

"बनुबाई," बाहेरून आलं.

रंगुबाईचा हात कडीवरच राहिला.

"सखाराम." किती वेळ गेला कोण जाणे. चूल धुमसल्याचा आवाज येत होता. "जाधव."

आवाज बनुबाईचाच होता, पण त्यात ना दम होता ना फटकळपणा. भिमाजीने दाराच्या फटीला डोळा लावला. समोरच्या धाब्यावर कोर दिसत होती, कालच्यापेक्षा जाड. दारापाशी अंधार होता, आणि तो अंधार थोडा दाट वाटला. एवढंच. नंतर तो बाकीच्या अंधारासारखाच झाला.

निरोप घेऊन गेलेला गडी तासाभराने परत आला. बनुबाई माडीच्या जिन्यावरून पडली होती. डोक्याला मार लागला. जाऊन तास झाला असेल.

केशरला कळू दिलं नाही. भिमाजीने कोनाड्याकडे पाहिलं. तांब्यावरचं अक्षर दाराकडे तोंड करून होतं. त्याने तो तसा ठेवला नव्हता, निदान त्याला तसं वाटत होतं. अक्षराखालची जागा घासून घासून आरशासारखी झाली होती. आपण कुणाच्या तरी दाराला चौकट बसवली आणि फळी बसवायची राहूनच गेली, असं काहीसं त्याच्या मनात आलं. उद्या सकाळी हा तांब्या तांबटाच्या भट्टीत टाकायचा, रीत गेली खड्ड्यात, असं त्याने ठरवलं.

मग त्याने रंगुबाईला चुलीपाशी बोलावलं. "ध्यान देऊन ऐक. हितनं पुढं दिस बुडाल्यावर जो मी म्हनंल, त्यालाच दार उघडायचं. नाव सांगंल त्याला उघडायचं न्हाई. आवाज कुनाचाबी आसू दे."

"तुमचा आसला तरी?"

"माझा आसला तरी."

रंगुबाई हसली, कारण नवऱ्याच्या तोंडाकडे बघून तिला रडू यायला लागलं होतं.

६

सकाळी तांबटाची भट्टी बंद होती. कोळसा मिळाला नव्हता. दुपारी केशरला कळा सुरू झाल्या आणि तांब्याचं नाव कुणाच्या डोक्यात राहिलं नाही. माळीवाड्यातून दुसरी सुईण आणली, रतनबाई. तिने केशरला तपासलं आणि रंगुबाईला बाजूला घेऊन म्हणाली, "पोर आडवं हाय. बघू या." ते भिमाजीला ऐकू गेलं.

दिवस बुडाला. आतल्या खोलीत कंदील नेला होता. बाहेरच्या खोलीत भिमाजी एकटा अंधारात बसला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या घराची भीती वाटत होती. केशरचं कण्हणं थांबलं की तो कान टवकारायचा, सुरू झालं की कानांवर हात ठेवायचा.

थाप पडली.

त्याने विचारलं नाही. कोण हाय, असं विचारायचंच नाही, म्हणजे उत्तर येणार नाही, असा त्याचा भाबडा हिशेब होता.

"केशरबाई," बाहेरून आवाज आला.

आत, दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीपलीकडे, केशर आईला हाक मारत होती. आणि बाहेरही केशरच होती. तोच गोड, किंचित नाकातला आवाज. लहानपणी दुकानाच्या फळीवर बसून ती त्याच्याबरोबर अक्षरं म्हणायची तेव्हाचा.

पुढचा शब्द येईपर्यंत वेळ असतो, हे भिमाजीला दोन संध्याकाळींनी शिकवलं होतं. तो उठला, कोनाड्यातून तांब्या उचलला, दाराकडे पाठ करून बसला आणि तो मांडीवर घेतला. खिळा आणि हातोडी चाचपून सापडली. अर्धं नाव पुरं करायचं, एवढंच बापाने शिकवलं होतं. कुणाचं, ते काही बापाने सांगितलं नव्हतं. चार पोरं त्याने मातीत ठेवली होती. पाचवी तो देणार नव्हता.

अंधारातही त्याच्या हाताला जागा कळत होती. त्याने 'भि' घातला. 'मा' घातला. तीस वर्षं नावं घातली, पण स्वतःचं कधी घातलं नव्हतं. घरातल्या भांड्यांवरही रंगुबाईचं होतं.

"दगडू," बाहेरून आवाज आला. जावयाचं नाव.

'जी' झाला. मग बापाचं नाव, 'रा', 'व', 'जी'. घामाने खिळा निसटत होता. दार करकरलं. कडी होती, तरी दाराची फट बोटभर रुंद झाली आणि तिच्यातून चंद्राचा उजेड खांद्यावरून मांडीवर आला. तांब्याच्या घासलेल्या पोटात पाठीमागचं दार वाकडं होऊन दिसत होतं. भिमाजीने पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पण अक्षर घालायचं तर भांड्याकडे पाहावंच लागतं.

फटीत, केशरच्या उंचीला, तोंड होतं. चेहरा नव्हता. डोळे, कपाळ, काहीही नव्हतं. नुसतं उघडं तोंड, पुढचा शब्द धरून थांबलेलं.

'द' झाला, 'हि' झाला. ओठ हलले. रासने, हे लेकीचं सासरचं आडनाव कसं सुरू होतं ते त्याला ठाऊक होतं. जीभ वर उचललेली त्याने पाहिली. 'वा' झाला. 'ळ'ची गाठ त्याने सहा ठिपक्यांत मारली आणि सातव्याला हातोडी अंगठ्यावर बसली.

बाहेर कोणी बोललं नाही. फट मिटली. आतून रतनबाईचा आवाज आला, "आता फिरलं बघ. फिरलं गं पोर. दम धर."

७

हा तांब्या घरात नको, एवढंच त्याला सुचत होतं. "रंगू, आलोच, कडी घाल," असं आत ओरडून तो निघाला. वेशीबाहेर एक जुनी पायऱ्यांची विहीर होती, तिचं पाणी कोणी भरत नसे. तो पायऱ्या उतरला. गार शेवाळ पायाला लागलं. त्याने तांब्या पाण्यात सोडला आणि तो बुडबुडत खाली गेला.

परतताना त्याला हलकं वाटत होतं. बाजार सामसूम होता. धोतर कमरेपर्यंत ओलं कसं झालं याचा त्याला थोडा अचंबा वाटला. विहिरीच्या पायऱ्या उतरल्याचं नीट आठवत होतं. चढल्याचं काही केल्या आठवेना. पण माणसाचं मन ठिकाणावर नसलं की असं होतं.

घराच्या दाराशी पोचला तेव्हा कोर अजून मावळली नव्हती. आणि आतून बाळाचं रडणं येत होतं. चांगलं ठणठणीत, घर डोक्यावर घेणारं. पाठोपाठ केशरचा दमलेला आवाज आला, "आबांना सांगा ना." भिमाजी दाराला टेकून रडला. त्याला लाज वाटली नाही. मग त्याने डोळे पुसले आणि थाप मारली.

रंगुबाईची पावलं वाजली. तिने कडीला हात घातला. "कोण हाय?"

मी, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं.

"भिमाजी," तोंड म्हणालं.

आत वर जाऊ लागलेली कडी थांबली.

नाही, मी, मी, असं तो म्हणत होता. म्हणजे त्याला तसं म्हणायचं होतं. त्याने दोन्ही हातांनी ओठ दाबायला पाहिले. हात कुठे आहेत ते त्याला सापडेना.

"रावजी."

दाराच्या पलीकडे, हातभर अंतरावर, रंगुबाईचा श्वास ऐकू येत होता. रतनबाई आतून म्हणाली, "अगं, उघड की. मालक आलं न्हवं?"

"न्हाई," रंगुबाई म्हणाली. "त्यांनीच सांगितलंय, उघडायचं न्हाई."

"दहिवाळ."

कडी खाली गेली आणि कोयंड्यात बसली. आत बाळ रडत होतं, आणि दाराला पाठ लावून रंगुबाई खाली बसल्याचा आवाज आला.